अठरा किलो

छोटीनं दवाखान्यासाठी जागा शोधली ती कुठल्या भागात कुत्री-मांजरं जास्त आहेत याची पाहणी करून नव्हे. बँकेच्या माणसानं तसं विचारलंही होतं. "हीच गल्ली का? समोरच तीस वर्षांचा जुना दवाखाना आहे. दोन चौक सोडून पलीकडे बघा की." छोटी म्हणाली, "मला इथलाच अनुभव आहे." त्यानं ते फॉर्मवर लिहून घेतलं. खरं कारण लिहायला फॉर्मवर रकाना नव्हता.

खरं कारण असं, की छोटीनं डूख धरला होता.

छोटी हे काही तिचं नाव नव्हे. चोविसाव्या वर्षी ती समोरच्या दवाखान्यात नोकरीला लागली, तिथं एक मोठे डॉक्टर आधीच होते, म्हणून ही आपोआप छोटी डॉक्टर झाली. पुढं तिनं अडलेल्या कुत्र्यांची बाळंतपणं केली, मांजरांच्या पोटातून सुया-दोरे काढले, मोठे डॉक्टर महिनाभर परदेशी लेकाकडे गेले की अख्खा दवाखाना एकटीनं ओढला. पण नाव काही वाढलं नाही. मोठ्या डॉक्टरांना सगळी गल्ली 'सर' म्हणायची. सरांचं नाव होतं त्यांच्या हातासाठी. जनावर उचलायचं, दोन्ही हातांवर जरा झेलल्यासारखं करायचं, डोळे मिटायचे आणि आकडा सांगायचा. "नऊ किलो." "साडेतीन." गिऱ्हाइकं तोंडात बोट घालायची. काट्यावर वजन करणं म्हणजे सरांना स्वतःचा अपमान वाटायचा. दवाखान्यात काटा होता. तो अडगळीत, बँडेजच्या खोक्यांखाली गंजत पडलेला. पद्धत ठरलेली होती. सर आकडा सांगणार, छोटी केसपेपरवर लिहिणार, त्या आकड्यावर औषध मोजलं जाणार. बारा वर्षं तिनं आकडे लिहिले. आणि खरं सांगायचं तर सर बहुतेक वेळा जवळपास जायचे. तेच वाईट. रोज चुकले असते तर कुणीतरी काटा बाहेर काढला असता.

मग कापूस आला. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाईंचा पांढराशुभ्र कुत्रा. केसांचा नुसता ढीग, त्यामुळे दिसायला भलामोठा, पण केसांच्या आत काडी. दात साफ करायचे होते, एवढंच. त्यासाठी भूल द्यावी लागते. सरांच्या एका हातात फोन होता. त्यांनी कापसाला उचललंसुद्धा नाही, टेबलापलीकडून नजर टाकली, फोनवर हात धरला आणि म्हणाले, "अठरा." छोटीनं अठरा लिहिलं. अठरा किलोची भूल कापसाच्या पायातल्या शिरेत गेली आणि दहा मिनिटांत त्याचा श्वास थांबला. छोटीनं नळी घातली, उतारा टोचला, पाऊण तास छाती दाबली. नंतर तिनं शेजारच्या किराणावाल्याकडून काटा मागून आणला आणि मेलेल्या कापसाला त्यावर ठेवलं. अकरा किलो आणि थोडं वर.

बाहेर बाकावर बसलेल्या बेकरीवाल्या बाईंना सर सांगत होते, "वजनात चूक झाली. आमच्या छोटीकडून. हे बघा, तिचंच अक्षर."

बाईंनी कापसाला चादरीत गुंडाळून घेतलं आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सरांनी छोटीला घरचा रस्ता दाखवला. तिसऱ्या दिवशी ती बेकरीत गेली. "बाई, आकडा सरांनी सांगितला होता, मी नुसता लिहिला," एवढं वाक्य तिच्या तोंडून पुरं झालं, तसं बाईंनी शटर खाली ओढलं. आपण सांगून उपयोग नाही, हे छोटीला त्या शटरासमोर उभं राहून कळलं. हे त्यांनी ऐकलं पाहिजे ते सरांच्या तोंडून. दुसऱ्या कुणाच्या नाही. छोटीनं तिथंच मनाशी गाठ मारली.

पाच वर्षं तिनं पशुखाद्याच्या कंपनीत फिरतीची नोकरी केली. रोज नवीन गाव, रोज तीच पोती, तेच हसणं. पगारातला निम्मा भाग बाजूला पडत होता. आणि एक दिवस सरांच्या बरोब्बर समोरचं चपलांचं दुकान रिकामं झालं.

जागा बेताची होती. पुढं एक लांबट खोली, मागं दोन छोट्या. भिंतींना अजून चामड्याचा वास होता. छोटीनं मागच्या एका खोलीत ऑपरेशनचं टेबल टाकलं, दुसरीत एक्स-रेचं जुनं पण चालू मशीन. पुढं मात्र रस्त्याच्या बाजूनं भिंतभर काच होती, पूर्वी जिथं चपलांचे जोड मांडून ठेवायचे ती. त्या काचेत छोटीनं काय मांडलं? काटा. नवाकोरा, जमिनीलगत सपाट पत्रा, त्यावर वासरूसुद्धा उभं राहील एवढा. आणि आकडे दाखवणारी पाटी तिनं आत नाही, रस्त्याकडे तोंड करून लावली. हातभर उंचीचे लाल आकडे. सरांच्या खुर्चीवरून स्पष्ट दिसावेत इतके मोठे. खाली लिहिलं: 'वजन फुकट. कधीही या.'

काउंटरवर वहिनी बसायच्या. छोटीच्या थोरल्या भावाची बायको. जनावर हा प्रकार त्यांना मुळातच मान्य नव्हता. मांजर दिसलं की पाय वर घ्यायच्या. पण हिशोबाला पक्क्या आणि जिभेला त्याहून पक्क्या. पहिल्या महिन्यात दवाखान्यात जनावर असं फिरकलंच नाही. काट्यावर मात्र गर्दी. भाजीवाला बटाट्याची पोती चढवून बघायचा. प्रवासाला निघालेले लोक बॅगा आणायचे. एक जाडजूड गृहस्थ रोज सकाळी फिरून आले की काट्यावर उभे राहायचे आणि रस्त्यावर हातभर लाल आकडा झळकला की खजील होऊन उतरायचे.

"वन्सं," वहिनी एक दिवस म्हणाल्या, "तुम्ही जनावरांच्या डॉक्टर आहात की रद्दीवाल्या? आज दोन बॅगा, एक गॅसची टाकी आणि ते जाडे काका. जनावर म्हणावं असं एकच."

"कोणतं?"

"तेच, जाडे काका."

छोटी हसली नाही. ती काचेतून समोर बघत होती. समोर सरांनी पडदा ओढला होता. पहिल्याच महिन्यात पडदा! तिला तेवढ्यावर महिनाभर पोट भरल्यासारखं वाटलं.

मग एकदा एक बाई मांजर घेऊन सरांच्या दारातून बाहेर पडली. हातात सरांची चिठ्ठी. लाल आकडे बघून तिला काय वाटलं कोण जाणे, ती रस्ता ओलांडून आली आणि गंमत म्हणून मांजर काट्यावर ठेवलं. चार किलो दोनशे. तिनं चिठ्ठी बघितली. सहा किलो.

"तुमचा काटा बरोबर आहे ना?"

"पुन्हा ठेवा," छोटी म्हणाली.

पुन्हा चार दोनशे. त्या बाईचा चेहरा पांढरा पडला. छोटीनं सरांबद्दल अवाक्षर काढलं नाही. तिनं काढायचंच नाही असं ठरवलं होतं. शिव्या दिल्या असत्या तर लोक म्हणाले असते, धंद्यातली खुन्नस. काटा बोलला की कुणाला काय म्हणता येतं?

त्या बाईनं आपल्या बहिणीला सांगितलं, बहिणीनं जिन्यात, जिन्यातून ते गच्चीवर गेलं. लोक सरांची चिठ्ठी हातात धरून रस्ता ओलांडायला लागले. कुणाचा आकडा जुळायचा, कुणाचा नाही. जुळला की लोक गप्प निघून जायचे. नाही जुळला की गल्लीभर बोभाटा. वहिनींनी हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर सरांकडून आलेल्यांची वेगळी यादी सुरू केली. "आज तीन फुटले, वन्सं," संध्याकाळी त्या सांगायच्या, आणि छोटीला जेवण गोड लागायचं.

सरही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याला दम भरला. त्याचा माल छोटीकडे यायचा बंद झाला. छोटी दर आठवड्याला दोन तासांचा प्रवास करून दुसऱ्या शहरातून लसी आणायला लागली. बर्फाच्या डब्यात, डबा मांडीवर, वाटेत डुलकी काढायची सोय नाही. मग एक्स-रेच्या खोलीबद्दल कुणीतरी निनावी तक्रार केली. तपासणीला आलेल्या साहेबानं दरवाजाचा शिशाचा पत्रा ठोकून बघितला, कागद बघितले, आणि जाताना आपल्याच कुत्रीला लस टोचून घ्यायची वेळ ठरवून गेला. वहिनींनी त्याचंही नाव फुटलेल्यांच्या यादीत टाकलं. तो सरांकडचा नव्हता, पण वहिनींना आता यादीची चटक लागली होती.

एकदा सर स्वतः रस्ता ओलांडून आले. भरदुपारी, तीन-चार गिऱ्हाइकं बसलेली असताना.

"हा काटा आत घे."

"माझ्या दुकानात आहे, सर. रस्त्यावर नाही."

"तीस वर्षं मी या हातांनी..." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. केसाळ, रुंद, म्हातारे हात.

"बघू," छोटी म्हणाली. बाकावर एक ससा घेऊन माणूस बसला होता. तिनं ससा त्याच्याकडून मागून घेतला आणि सरांच्या हातांवर ठेवला. "सांगा. किती?"

ससा सरांच्या हातांवर नाक हलवत बसला होता. सरांनी डोळे मिटले, उघडले, ससा परत त्या माणसाच्या मांडीवर ठेवला आणि आकडा न सांगताच निघून गेले. दोन्ही बाजूंच्या गाड्या न बघता त्यांनी रस्ता ओलांडला.

"वन्सं, हे जरा जास्तच झालं," वहिनी हळूच म्हणाल्या.

"अजून व्हायचंय," छोटी म्हणाली.

ती खरंच तशी कठोर झाली होती. सरांचा कंपाउंडर, सरांच्या हाताखाली केस पिकलेला, पगार वेळेवर होत नाही म्हणून काम मागायला आला. छोटीनं त्याला ठेवून घेतलं आणि काम काय दिलं? काचेत उभं राहून जनावरं काट्यावर चढवायची. दिवसभर समोरच्या पडद्याकडे तोंड करून. बिचारा मान खाली घालून उभा राहायचा.

आणि एकदा एक म्हातारी आली. तिच्या आंधळ्या कुत्रीला सरांनी खोकल्याचं औषध दिलं होतं. चिठ्ठीवर वजन आठ, काट्यावर साडेसात. "म्हणजे माझ्या लेकराला जास्त औषध गेलं का गं?" छोटीनं चिठ्ठी वाचली. औषध साडेसातलाही तेवढंच द्यायचं असतं, आठलाही तेवढंच. ती काही बोलली नाही. तिनं नुसती चिठ्ठी घडी करून बाजूला ठेवली आणि नवीन केसपेपर काढला.

म्हातारी गेल्यावर वहिनींनी विचारलं, "औषध चुकीचं होतं?"

"नाही."

"मग तसं सांगितलं का नाही तिला?"

"मी चुकीचं आहे असं कुठं म्हटलं?"

यादीत नाव लिहायला वहिनींनी वही उघडली, आणि का कोण जाणे, न लिहिताच मिटली.

एक माणूस मात्र फुटत नव्हता आणि जुळतही नव्हता. बेकरीवाल्या बाई. त्यांनी कापसानंतर चार वर्षांनी दुसरा कुत्रा पाळला होता, तपकिरी, आखूड केसांचा. त्याला घेऊन त्या रोज सकाळी गल्लीतून जायच्या. सरांच्या दारावरून पुढे, छोटीच्या दारावरून पुढे, दोन्हीकडे न बघता. त्याच्या लसी कुठं होतात ते छोटीनं शोधून काढलं होतं. बाई त्याला घेऊन पाऊण तासावरच्या दुसऱ्या दवाखान्यात जायच्या. पाव आणायला वहिनी गेल्या तर बाई नीट बोलायच्या, सुट्टे पैसे हातात मोजून द्यायच्या. छोटी गेली की बाई आत भट्टीकडे जायच्या आणि नवऱ्याला बाहेर पाठवायच्या. छोटीनं पाव खाणंच सोडलं. रोज सकाळी ती तपकिरी शेपटी काचेसमोरून गेली, की छोटीची नजर आपसूक समोरच्या पडद्याकडे जायची. हे सगळं तुमच्यामुळे. थांबा.

दुसरं वर्ष सरता सरता सरांच्या दारात दिवसाला एखादंच जनावर दिसायला लागलं. पाटीवरची अक्षरं पुसट झाली, ती कुणी रंगवली नाहीत. मग एका बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत, सर पुन्हा आले. या वेळी दोन्ही बाजूंच्या गाड्या नीट बघून.

ते बाकावर बसले. गिऱ्हाइकासारखे. छोटी उभीच राहिली.

"माझ्यानं आता होत नाही," ते म्हणाले. "लेक म्हणतो, विका आणि इकडे या. सोनोग्राफीचं मशीन चांगलं आहे. पिंजरे आहेत. तीस वर्षांचे केसपेपर आहेत. तू घेतेस का? दुसऱ्या कुणाला देण्यापेक्षा..." ते थांबले. "तू किती कमी सांगशील ते सांग. मी घासाघीस करणार नाही."

छोटी या क्षणाची सात वर्षं वाट बघत होती. तिनं याची इतक्या वेळा तालीम केली होती, की आता तोंडातून शब्द पाठ केल्यासारखे आले.

"कमी नाही. तुम्ही मागाल तेवढे देईन. फक्त माझ्याबरोबर कोपऱ्यावर यायचं आणि बेकरीवाल्या बाईंना सांगायचं, कापसाचं वजन कुणी सांगितलं होतं."

"कुणाचं?"

"कापसाचं."

सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. यांना आठवतच नाही की काय? पण मग सरांची मान खाली गेली.

"पांढरा," ते म्हणाले. "मी त्याला उचलला नव्हता."

"हो."

"फोनवर लेक होता. तिकडेच राहायचं म्हणत होता कायमचं." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "चल."

बेकरीत दुपारी गर्दी नसते. बाई काउंटरवर पावाच्या लाद्या कापत होत्या. छोटीला बघून त्या नेहमीप्रमाणे आत वळल्या, पण मागं सर दिसले तशा थांबल्या. दोघं एकत्र त्यांच्या दारात आजवर कधी आली नव्हती. तपकिरी कुत्रा पोत्याजवळ झोपला होता, त्यानं एक डोळा उघडला आणि मिटला.

"बाई," सर म्हणाले. आवाज खरखरीत होता. "तुमच्या कापसाचं वजन मी सांगितलं होतं. अठरा. न उचलता सांगितलं. हिनं ते फक्त लिहिलं. तुम्हाला मी खोटं सांगितलं. चूक माझी होती."

झालं. बोलले. सात वर्षांत तिनं या क्षणाची जी काही चित्रं रंगवली होती त्यात बाई इथं रडायच्या. छोटीचे हात हातात घ्यायच्या. माफ कर म्हणायच्या. एका चित्रात तर त्या सरांच्या मुस्काटात मारायच्या. छोटीला ते फार आवडायचं.

बाईंनी सुरी खाली ठेवली. हातावरचं पीठ फडक्याला पुसलं.

"मला ठाऊक आहे," त्या सरांना म्हणाल्या. "त्याच दिवसापासून ठाऊक आहे. तुम्ही हातानं वजन करता हे गल्लीतल्या कुणाला ठाऊक नव्हतं? अक्षर दाखवत होता तुम्ही मला." त्यांच्या आवाजात रागसुद्धा नव्हता, इतका तो जुना झाला होता. "तुम्हाला मी कधीच माझ्या हिशोबातून काढून टाकलं. गर्विष्ठ माणसाला ऐकू येत नाही. त्याच्यावर किती वर्षं रागावणार?"

मग त्या छोटीकडे वळल्या. सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिच्या डोळ्यांत बघितलं.

"तुला मात्र ऐकू आलं होतं."

"काय?"

"आदल्या दिवशी मी त्याला इथं पिठाच्या काट्यावर बसवला होता. मजा म्हणून. सकाळी तुझ्या हातात त्याची दोरी देताना मी तुला काय म्हणाले?"

छोटीनं पोत्याजवळच्या कुत्र्याकडे बघितलं.

"मी म्हणाले, दिसतो मोठा पण अकराच किलो आहे हो. तू हसलीस. म्हणालीस, सगळा केसांचाच थाट. माझ्यासमोर म्हणालीस." बाईंचा आवाज पहिल्यांदा हलला. "दार उघडं होतं. मी बाकावर होते. तो अठरा म्हणाला ते मला बाहेर ऐकू आलं. मला वाटलं, ही आता सांगेल. हिला सांगितलंय मी. मी तुझ्याकडे बघत होते. आणि तू लिहिलंस."

छोटीला आठवलं. तिनं हे कुठं पुरून ठेवलं होतं तिलाच ठाऊक, पण ते अगदी जसंच्या तसं वर आलं. हातातली दोरी. हसणं. टेबलापलीकडून आलेलं 'अठरा'. आणि पेन कागदावर टेकवताना अर्धा क्षण, फक्त अर्धा, मनात आलेलं: अकरा ना? आणि लगेच त्याच्यावर: सरांना कोण सांगणार. बारा वर्षांची सवय. सर सांगणार, छोटी लिहिणार. ती मूग गिळून बसली आणि तिनं लिहिलं.

"मी... मी शटरापाशी आले होते," ती कशीबशी म्हणाली. "सांगायला."

"हो. आलीस आणि म्हणालीस, सरांनी सांगितलं, मी नुसतं लिहिलं." बाईंनी सुरी उचलली. "मी थांबले होते त्या दिवशी. वाटलं, म्हणेल की, बाई, तुम्ही सांगितलं होतं आणि मी गप्प बसले. एवढं म्हटलं असतंस तर मी शटर लावलं नसतं."

मागं कुणीतरी पाव घ्यायला येऊन उभं राहिलं होतं.

"बाजूला व्हा," बाई म्हणाल्या. "गिऱ्हाईक आहे."

रस्त्यावर ऊन रणरणत होतं. सर आणि छोटी शेजारी शेजारी चालत होते, पूर्वी दुपारच्या चहाला जायचे तसे. दोन्ही दवाखान्यांच्या मध्ये, रस्त्याच्या कडेला, सर थांबले.

"तू मला सांगितलं असतंस," ते म्हणाले, "तर मी ऐकलं नसतं. तुला ओरडलो असतो."

"हो," छोटी म्हणाली. "पण मी सांगितलं नाही."

सरांनी मान हलवली आणि ते आपल्या बाजूला गेले. छोटी काचेचं दार ढकलून आत आली. सुट्टी संपली होती. बाकावर चार माणसं, दोन कुत्री, पिंजऱ्यात एक मांजर. वहिनी काउंटरवरून जवळजवळ उडी मारूनच बाहेर आल्या. सात वर्षं त्यांनीही याचीच वाट बघितली होती. या पायी त्यांनी मांजरं सोसली होती.

"बोलले का हो? बाईंच्या समोर बोलले?"

"बोलले. सगळं बोलले."

"मग! मी म्हणत नव्हते? काय म्हणाल्या बाई? माफी मागितली ना तुमची?"

बाकावरची माणसं कान टवकारून ऐकत होती. त्यातली निम्मी तरी वहिनींच्या यादीतली होती. सरांची चिठ्ठी हातात धरून रस्ता ओलांडून आलेली. हळू आवाजात बोलता आलं असतं. आत जाऊन बोलता आलं असतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं, वहिनींनी उरलेलं स्वतःच रचलं असतं आणि गल्लीभर पोचवलं असतं.

"त्यांनी मला त्या दिवशी दारातच सांगितलं होतं, वहिनी," छोटी म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "अकरा किलो म्हणून. मला ठाऊक होतं. सर अठरा म्हणाले आणि मी मुकाट्यानं अठरा लिहिलं. कापूस माझ्यामुळेही मेला."

जन्मात कधी नव्हे त्या वहिनी गप्प झाल्या. बाकावरच्या एका बाईनं आपल्या कुत्र्याची दोरी जरा जवळ ओढली. दुसरा एक माणूस उठला, दाराकडे बघितलं, समोरच्या पडद्याकडे बघितलं, आणि कुत्रं घेऊन निघून गेला. छोटीनं त्याला अडवलं नाही. तिनं हात धुतले आणि कोपरानं नळ बंद केला.

"पुढचं कोण आहे?" तिनं विचारलं.

वहिनींनी पिंजऱ्यातल्या मांजराकडे बघितलं, पदर सावरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः पिंजरा उचलून आत आणून दिला.